भिंती आज उघडा, झाडांना वसंतापर्यंत हात लावू नका : वसाहतीच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी फलकावर लागलेली सूचना मी दोनदा वाचली आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसले. गेल्या आठवड्यातल्या गोठवणाऱ्या थंडीने आपल्या वसाहतीची जी हानी केली, तिच्याविषयी समितीने दोन निर्णय घेतले आहेत. पहिला असा, की करपलेली सर्व झाडे, झुडपे आणि कुंपणावरच्या वेली येत्या सोमवारपासून मुळासकट काढल्या जातील आणि सभासदांनीही आपापल्या अंगणातली मेलेली झाडे आठ दिवसांत काढून टाकावीत. दुसरा असा, की पाईप फुटून भिजलेल्या भिंती, छते आणि जमिनी यांची पाहणी ठेकेदार मोकळा झाल्यावर, म्हणजे साधारण महिन्याभराने होईल आणि तोवर कोणीही भिंतींना हात लावू नये.

समितीच्या हेतूबद्दल माझ्या मनात किंतु नाही. त्या चार रात्री वीज गेलेली असताना आपल्यापैकी काही जण टॉर्च घेऊन घरोघर फिरत होते, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते मी विसरणार नाही. पण या दोन निर्णयांच्या मुदतींची अदलाबदल झाली आहे, हे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. भिजलेल्या घराच्या बाबतीत तासांचा हिशेब करावा लागतो आणि गोठलेल्या बागेच्या बाबतीत महिन्यांचा. आपण घराला महिना दिला आहे आणि बागेला आठ दिवस.

आधी घराविषयी लिहिते, कारण तिथे दर दिवसाला नुकसान वाढते आहे.

माझ्या घरी गोठण्याच्या चारही रात्री पाण्याचा थेंब सांडला नाही. नळ कोरडे पडले होते, एवढेच. पाचव्या दिवशी दुपारी ऊन पडले, पन्हळीतून पाणी ठिबकू लागले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीआडून कोणीतरी दबक्या आवाजात एकसारखे 'श्श' करत असल्यासारखा आवाज येऊ लागला. मुख्य व्हॉल्व्ह सापडून तो बंद होईपर्यंत दाराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आले होते. प्लंबरने नंतर कापून काढलेला पाईपचा तुकडा मी जपून ठेवला आहे. वीतभर लांबीचा तो तुकडा, त्याच्या मधोमध शेंग उकलावी तशी एक उभी चीर आणि चिरेच्या दोन्ही कडा बाहेर वळलेल्या. तांब्याची नळी आतून अशी उकलू शकते, हे तो तुकडा हातात घेईपर्यंत मला खरे वाटले नसते.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, हे आपण सगळेच शाळेत शिकतो. पण जिथे बर्फ धरतो तिथेच पाईप फुटतो, असे बहुतेक वेळा होत नाही. बर्फाचा गठ्ठा नळीत वाढत जातो, त्याच्या आणि बंद नळाच्या मध्ये पाणी कोंडले जाते आणि त्या कोंडलेल्या पाण्याचा दाब इतका चढतो की नळी तिच्या सर्वांत कच्च्या जागी उकलते. बर्फ टिकून आहे तोवर तोच बुचासारखा पाणी अडवून धरतो. तो वितळला की चीर वाहू लागते. कडाक्याच्या थंडीत नळ बारीक धारेने चालू ठेवायला सांगतात तेही याचसाठी. वाहते पाणी गोठायला वेळ लागतो हे खरेच, पण नळ उघडा असल्यामुळे कोंडलेल्या दाबाला वाट मिळते, हे त्याहून महत्त्वाचे.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की समितीने केलेल्या बाधित घरांच्या यादीत फक्त ज्यांनी पाणी पाहिले तीच घरे आहेत. ज्या घरांचे मालक परगावी आहेत, ज्या भिंतींवर ऊन पोहोचत नाही, ज्या पाईपांची चीर केसाएवढी बारीक आहे, तिथे पाणी आजही भिंतीच्या पोटात झिरपत असू शकते. यावर उपाय साधा आहे. घरातले सगळे नळ बंद करावेत, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून घ्यावा आणि तासाभराने पुन्हा पाहावा. कोणी पाणी वापरलेले नसताना आकडा पुढे सरकला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ही तपासणी प्रत्येक घरात उद्याच व्हावी, आणि बंद घरांचे मुख्य व्हॉल्व्ह मालकांना फोन करून, त्यांच्या संमतीने बंद करावेत. ज्यांचा पाणी तापवण्याचा बंब रिकामा झाला आहे त्यांनी तो पुन्हा भरल्याशिवाय विजेचे बटण दाबू नये, एवढी एक ओळही सूचनेत यायला हवी. कोरड्या बंबातली तापकुंडली काही क्षणांत जळून जाते. एखादा पाईप अजून गोठलेलाच असेल तर त्याला हेअर ड्रायरने, नळाच्या टोकाकडून मागे मागे जात ऊब द्यावी. पेटती ज्योत कोणीही वापरू नये. अशाने घरे पेटलेली आहेत.

आता भिंतींकडे येते. आपल्या घरांच्या आतल्या भिंती जिप्सम बोर्डच्या आहेत आणि बाहेरच्या भिंतींच्या पोटात उष्णतारोधक लोकर भरलेली आहे. जिप्सम बोर्डवरचा कागद दिव्याच्या वातीसारखा पाणी वर ओढतो, त्यामुळे जमिनीवर चार बोटे पाणी साचले असले तरी भिंतीच्या आत ओल त्याच्या कितीतरी वर चढलेली असते. लोकर एकदा भिजली की ओल्या घोंगडीसारखी खाली बसते, आणि चारही बाजूंनी कोंडलेली असल्यामुळे ती आपोआप वाळत नाही. ओल्या कागदावर आणि लाकडावर बुरशी धरायला 24 ते 48 तास पुरतात. आज पाणी शिरून पाचवा दिवस आहे. माझ्या शेजारच्या घरात काल संध्याकाळी मी भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी सैल करून पाहिली, तेव्हा तिच्या मागच्या अंगावर करड्या ठिपक्यांची रांग उमटलेली होती आणि बंद पेटी उघडल्यावर येतो तसा कुबट वास आला. भिंतीचा दर्शनी रंग मात्र जसाच्या तसा होता. त्या घरात दम्याचा त्रास असलेले एक मूल राहते.

म्हणून माझी विनंती आहे की, 'हात लावू नये' हे वाक्य आजच मागे घ्यावे. भिजलेल्या भागातली वीज मुख्य स्विचवरून तोडून आणि विजेच्या जाणकाराला दाखवून, तळाची पट्टी काढावी, बोर्डाचा खालचा भिजलेला भाग कापावा, ओली लोकर बाहेर काढावी आणि आत पंख्याचा वारा सोडावा. बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हाच खिडक्या उघडाव्यात; दमट दिवशी खिडक्या बंद ठेवून आर्द्रता शोषणारे यंत्र चालवलेले बरे. आपल्या जुन्या घरांमध्ये छताच्या पत्र्यांत किंवा पाईपांच्या आवरणात ॲस्बेस्टॉस हा फुप्फुसांना घातक तंतुमय पदार्थ असण्याची शक्यता आहे, तिथे मात्र तपासणी झाल्याशिवाय कोणी कापाकापी करू नये, आणि हे समितीने त्या घरांना नाव घेऊन कळवावे. छत फुग्यासारखे खाली आलेले असेल तर त्याखाली कोणी उभे राहू नये. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली येऊन तिथे स्थिरावल्याशिवाय भिंत बंद करू नये, कारण त्याहून ओल्या लाकडात कुजवणारी बुरशी वाढत राहते. ओलावा मोजण्याचे यंत्र तळहाताएवढे असते. वसाहतीसाठी अशी दोन यंत्रे आणि आर्द्रता शोषणारी काही यंत्रे भाड्याने आणून घरोघर पाळीने फिरवता येतील. झाडे तोडण्यासाठी जी रक्कम मंजूर झाली आहे, तिच्यातच हे सहज भागेल असा माझा अंदाज आहे.

विम्याच्या भीतीने समितीने हा मजकूर लिहिला असावा, असे मला वाटते. पुरावा राहावा, ही काळजी योग्यच आहे. परंतु बहुतेक विमाकरारांत झालेले नुकसान आणखी वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणे हे विमाधारकाचेच कर्तव्य मानलेले असते. महिनाभर हात न लावल्यामुळे भिंत कुजली, तर त्या कुजण्याची भरपाई कशी मागायची, हा प्रश्न प्रत्येक सभासदापुढे उभा राहील. काहीही काढण्यापूर्वी लांबून आणि जवळून छायाचित्रे घ्यावीत, पाणी किती उंच चढले ती रेघ मोजपट्टी लावून टिपावी, फुटलेल्या पाईपचा आणि कापलेल्या बोर्डाचा एकेक तुकडा तारीख लिहून ठेवावा आणि विमा कंपनीला लगेच कळवावे. पुरावा टिकवण्यासाठी ओल टिकवण्याची गरज नाही.

आता बागेविषयी. इथे मला थोडा वेळ घ्यायचा आहे, कारण या बागेत मी अठरा वर्षे काम केले आहे आणि सोमवारी तिच्यात करवती येणार आहेत.

थंडीनंतर झाडाकडे पाहून ते मेले असे वाटणे स्वाभाविक आहे. पाने काळी पडून भिजलेल्या कागदासारखी लोंबतात, कोवळे शेंडे वाकतात, सदाहरित झुडपे तांबूस होतात. पण पान मरणे वेगळे आणि झाड मरणे वेगळे. पानात पाणी जास्त आणि पोत नाजूक, त्यामुळे पेशींमध्ये आणि त्यांच्याभोवती बर्फ धरला की त्यांची आवरणे फाटतात आणि पान त्याच दिवशी लुळे पडते. पिकलेले लाकूड हिवाळ्याच्या सुरुवातीपासून हळूहळू थंडीला सरावलेले असते, आणि मुळांवर तर मातीचे पांघरूण असते. सदाहरित झुडपांची तांबूस पाने पुष्कळदा गोठल्यामुळे नव्हे, तर तहानेमुळे करपतात: वारा पानातले पाणी ओढून नेतो आणि गोठलेल्या मातीतून मुळांना ते भरून काढता येत नाही. अशा झुडपाला जमीन मोकळी झाल्यावर आधी पाणी द्यायला हवे, कुऱ्हाड नव्हे.

सभागृहाच्या कमानीवरची गुलाबाची वेल काढायच्या झाडांच्या आपल्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे. काल सकाळी मी तिच्यापाशी गेले आणि नखाने सालीचा पातळ पापुद्रा खरवडून पाहिला. शेंड्याकडे साल काळी होती आणि आतला भाग कोरडा, तपकिरी. हातभर खाली आले, तिथेही तपकिरी. आणखी हातभर खाली खरवडल्यावर नखाखाली हिरवा, ओलसर, चकचकीत थर लागला आणि बोटाला त्याचा ओलावा जाणवला. म्हणजे कमानीच्या खांद्यापासून जमिनीपर्यंत ती वेल जिवंत आहे. सूचनेत तिच्यापुढे 'मृत' असे लिहिले आहे. अशी तपासणी यादीतल्या किती झाडांची झाली, हे मला समितीकडून कळायला हवे. सदस्यांनी मन दुखवून घेऊ नये, पण मला वाटते एकाचीही झालेली नाही.

निदान करपलेल्या फांद्या तरी आता छाटून टाकू, असे काही सभासद म्हणतात. तेही आता करू नये. छाटणीने झाडाला नव्या फुटव्याचा इशारा मिळतो, खताने तर तो अधिकच मिळतो, आणि हिवाळा अजून संपलेला नाही. याचा सर्वांत कडू धडा अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये मिळाला. 1894 च्या डिसेंबरच्या अखेरीस तिथे कडाक्याची थंडी पडली. संत्र्याच्या बागांतली फळे आणि पाने गेली, पण बहुतेक मोठी झाडे जगली. पुढचे काही आठवडे हवा उबदार राहिली, झाडांत रस चढला, कोवळी पालवी फुटली. आणि 1895 च्या फेब्रुवारीत दुसरी थंडी आली. रसाने भरलेल्या खोडांची साल तडकली आणि पहिल्या थंडीत तगलेली झाडे जमिनीपर्यंत मेली. तिथे निसर्गानेच झाडांना अवेळी जागे केले होते. आपण ते काम कात्रीने आणि खताच्या पोत्याने करू नये. शिवाय करपलेली पाने आणि काड्या आत्ता कितीही विद्रूप दिसल्या, तरी पुढच्या थंड रात्री त्याच खालच्या जिवंत डोळ्यांवर, म्हणजे न उमललेल्या कोंबांवर, आडोसा धरतात.

दुसरे उदाहरण दक्षिण फ्रान्सचे. 1956 च्या फेब्रुवारीत, उबदार जानेवारीनंतर अचानक आलेल्या थंडीने तिथली ऑलिव्हची लक्षावधी झाडे जमिनीच्या वरच्या भागापुरती मेली. अनेकांनी ती उपटून जमीन दुसऱ्या पिकांना दिली. ज्यांनी खोड जमिनीलगत कापून बुंधा तसाच ठेवला, त्यांच्या बागांत बुंध्यातून नवे धुमारे आले. त्या भागातली कितीतरी ऑलिव्ह झाडे आज एकाच बुंध्यावर तीन-चार खोडे घेऊन उभी आहेत, ती याच कारणाने. 'मुळासकट' हा शब्द सूचनेत वाचला तेव्हा मला ती झाडे आठवली.

काही कामे बागेतही लगेच करायची आहेत, आणि ती सूचनेत नाहीत. बर्फाच्या ओझ्याने मोडून वाटेवर लोंबणाऱ्या फांद्या आजच उतरवाव्यात. त्यांच्याखालून मुले शाळेत जातात. मांसल खोडाची आणि कंदाची झाडे लिबलिबीत झाली असतील तर तेवढा भाग घट्ट भागापर्यंत काढावा, नाहीतर कुज खाली उतरते. जमीन गोठते आणि वितळते तेव्हा ती फुगून लहान रोपांना वर उचलते; पायवाटेच्या कडेची रोपे अशीच मुळे उघडी पडून आडवी झाली आहेत. त्यांना माती मऊ झाल्यावर हलक्या हाताने पुन्हा दाबून, वर तीन बोटे पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, ते मात्र खोडाला टेकू देऊ नये. खोडाच्या उन्हाकडच्या बाजूला साल तडकली असेल तर तिच्यावर रंग किंवा डांबर फासू नये. सुटी झालेली साल तेवढी धारदार सुरीने साफ करावी, जखम झाड स्वतः भरते. हिरवळ गोठलेली असताना तिच्यावरून चालू नये. आणि वाटांवर टाकलेले मीठ फावड्याने वाफ्यांत ढकलले जात आहे, ते ताबडतोब थांबवावे. मिठाने मुळे जळतात आणि वाटांचे काँक्रीटही पोपडे धरून सुटते. घसरण थांबवायला वाळू पुरते.

उरलेल्या झाडांसाठी माझा प्रस्ताव असा आहे. समितीच्या यादीतल्या प्रत्येक झाडाची नखाने किंवा सुरीच्या टोकाने तपासणी करावी आणि जिथे हिरवा थर लागेल तिथे रंगीत फीत बांधावी. वसंतात पालवी येऊ द्यावी. काही झाडे उशिरा जागी होतात, तेव्हा उन्हाळा लागेपर्यंत थांबावे, मग फितीच्या वरचा जो भाग फुटला नसेल तेवढाच छाटावा. कलमी झाडांत फुटवा कलमाच्या सांध्याच्या वरून आला आहे की खालून, हे पाहावे. खालून आला असेल तर झाड जगले पण आपले कलम गेले, आणि ते बदलायचे की नाही याचा विचार तेव्हा करता येईल. काही झाडे वसंतात पालवतील आणि पहिल्या कडक उन्हात माना टाकतील, कारण खोडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या वाटा थंडीने बिघडलेल्या असतील. त्या झाडांसाठी मी भांडणार नाही. त्यांच्यावर करवत चालवायला तेव्हा मी स्वतः मदतीला येईन.

वसाहत ओसाड आणि काळी दिसते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते बरे वाटत नाही, घर विकायला काढलेल्या सभासदांची त्यामुळे अडचण होते, हे सगळे माझ्या कानावर आले आहे आणि ते खोटे नाही. मलाही रोज सकाळी खिडकी उघडल्यावर ते पाहवत नाही. पण आपल्या कुंपणाची वेल आजच्या उंचीला यायला बारा वर्षे लागली, आणि नवे रोप लावले तर तेवढीच वर्षे पुन्हा लागतील. तीन महिन्यांच्या विद्रूपतेसाठी बारा वर्षे देऊन टाकण्याचा निर्णय एका फलकावरच्या सूचनेने होऊ नये. तो घ्यायचाच असेल, तर सर्वसाधारण सभेत घ्यावा.

सोमवारी ठेकेदाराची माणसे यायच्या आत तोडणीचा आदेश थांबवावा आणि भिंतींविषयीची बंदी आजच उठवावी, एवढीच माझी विनंती आहे. शनिवारी सकाळी दहा वाजता मी सभागृहाच्या कमानीपाशी सुरी, फिती आणि समितीची यादी घेऊन उभी असेन. आपल्यापैकी निदान दोघांनी यावे. गुलाबाची साल आपण आपल्याच नखाने खरवडून पाहावी. तिथून माझ्या शेजारचे घर चाळीस पावलांवर आहे. त्या भिंतीमागची पट्टीही मी आपल्याला दाखवीन, घरमालकांची संमती मी घेऊन ठेवली आहे.

आपली विश्वासू,
वसाहतीची एक सभासद